शाल, श्रीफळ आणि पॅरा तीन

परभणी जिल्ह्यातला ख्रिस्ती समाज संख्येनं इतका थोडा, की जनगणनेच्या तक्त्यात त्याचा रकाना बोटानं शोधावा लागतो. अशा ठिकाणी एखाद्या मंडळीनं बाहेरगावच्या अभ्यासकांना बोलवावं, आठ-आठ दिवस ठेवून घ्यावं आणि ‘श्रद्धा आणि सामाजिक न्याय’ या विषयावर बोलतं करावं, असं कुणी सुचवलं तर? पुण्याला यात नवल नाही. तिथं ज्ञानदीप विद्यापीठ आहे, युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे; देशोदेशीचे पंडित येतात-जातात. परभणीत मात्र असा विषय निघाला की पंडितांच्या आधी दाखल्यांचा विषय निघतो. का, ते पुढं येईलच.

खालचा संवाद मी रचलेला आहे. यातले मामा आणि भाची कुणा एका घरातले नाहीत. मामा निवृत्त मास्तर, मंडळीच्या कमिटीवर जुने. भाची पुण्यात धर्मशास्त्र शिकलेली, आता कॉलेजात समाजकार्य शिकवते. पात्रं कल्पित असली तरी वाद कल्पित नाही.

भाची : मामा, माझा अर्ज कमिटीपुढं आला आणि तुम्ही ‘पुढच्या बैठकीत बघू’ म्हणालात म्हणे.

मामा : म्हणालो. पुढच्या बैठकीत परत तेच म्हणणार आहे.

भाची : का पण? वर्षाला चार पाहुणे. दोन व्याख्यानं द्यायची, बाकीचे दिवस माणसांत राहायचं. पाळकसाहेबांच्या घरामागं खोली आहे, जेवायला आळीपाळीनं घरं आहेत. कितीसा खर्च?

मामा : खर्चाचं काय घेऊन बसलीस! पाहुणा आला की काय होतं ते मी उभा जन्म बघायलोय. स्टेशनवर गाडी. मग हार, शाल, श्रीफळ. प्रास्ताविक वीस मिनिटं, परिचय पंधरा. पाहुणे तासभर बोलणार. त्यातलं अर्ध्या लोकांना कळत नाही आणि उरलेल्या अर्ध्यांना ते आधीच माहीत असतं. मग सूत्रसंचालक माइक धरून म्हणणार, ‘वेळेअभावी प्रश्नोत्तरं घेता येत नाहीत’. चहा, फोटो, ‘ज्ञानोदया’ला बातमी. झाला सामाजिक न्याय.

भाची : हा दोष कार्यक्रम करणाऱ्यांचा. पाहुण्याला कशाला दोष देता?

मामा : बरं, नाही देत. ठेवणार कधी?

भाची : डिसेंबर-जानेवारीत. बाहेरच्यांना हवा सोसते.

मामा : हवा सोसते, पण माणसं कुठं असतात तेव्हा? गंगाखेड, पालम, सोनपेठकडची आपली घरं आठव. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेली जोडी ऊसतोडीच्या गाडीत बसली. नवरा-बायको मिळून एक कोयता. हिशेब जोडीचा, माणसाचा नाही. बाई बाळंतीण असो की तापानं फणफणलेली, तिचा अर्धा कोयता पडला तर खाडा दोघांच्या नावावर. त्यांचा नाताळ फडावर, पाचटाच्या खोपीत. तू इथं न्यायावर व्याख्यान लावणार, अन् ज्यांच्यासाठी न्याय ते पंढरपूरच्या नाहीतर कर्नाटकाच्या फडात. समोरच्या बाकांवर आम्ही पेन्शनर.

भाची : मग पाहुण्यालाच फडावर नेऊ.

मामा : ने. मुकादम आधी विचारतो, हे कोण? नंतर विचारतो, बायबल वाटायला आलेत का? तुझा पाहुणा परदेशी असला तर आणखीनच मजा. ठेवून घेणाऱ्यानं चोवीस तासांत त्याची माहिती सरकारला कळवायची. टुरिस्ट व्हिसावर आलेल्यानं चर्चमध्ये उपदेश केला, तर नोटीस त्याला अन् चकरा आपल्याला.

मामांच्या या बोलण्याला कुणी भित्रेपणा म्हणेल. मला तो अनुभवातून आलेला हिशेब वाटतो. पण एक गोष्ट ते विसरतात, आणि भाची ती लगेच पकडते : या भागातल्या ख्रिस्ती समाजाचा उगमच बाहेरून आलेल्या एका विद्वानापाशी जातो.

भाची : जालन्याला नारायण शेषाद्री कोण होते, मामा? मुंबईच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले ब्राह्मण. १८४३ मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या धाकट्या भावाच्या, श्रीपतीच्या शुद्धीवरून मुंबईत केवढं रणकंदन झालं! त्या पोराला जातीत परत घ्यावं म्हणून बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले. तेच नारायणराव पुढं निजामाच्या मुलखात येऊन राहिले, निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवली आणि जालन्याजवळ बेथेल वसवलं. त्यात राहायला आली ती बहुतेक मातंग आणि महार कुटुंबं. हे सारं बाहेरून आलेल्या शिकलेल्या माणसानं केलं ना?

मामा : केलं. नाही कोण म्हणतंय? १८७३ ला न्यूयॉर्कच्या परिषदेत पागोटं बांधून बोललेसुद्धा. पण बेथेलात राहणाऱ्यांपैकी एकाचं भाषण तुला कुठं वाचायला मिळालं का? नारायणराव काय बोलले ते छापून आलं. ज्यांच्याबद्दल बोलले ते काय म्हणत होते, कुणी लिहून ठेवलं?

भाची : नाही मिळालं.

मामा : मी तेच म्हणायलोय. विद्वान आमच्याबद्दल बोलतो. आमच्याशी बोलला तरी उत्तर लिहून घेत नाही.

भाची : सगळे तसे नसतात. नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ काढला. बाप्तिस्मा घेतलेला आणि न घेतलेला, दोघांना एका जागी बसवायचं म्हणून.

मामा : अन् दोन वर्षांत गेले. पुढं दरबार कुणी चालवला?

भाची : बरं, ऑक्सफर्डच्या व्हेरियर एल्विनचं घ्या. जॅक विन्स्लो या इंग्रज पाळकानं १९२२ मध्ये ख्रिस्त सेवा संघ काढला, मग त्याचा पुण्यात आश्रम झाला. इंग्रज आणि मराठी माणसं तिथं खादी घालून एका पंगतीत जेवत. १९२७ मध्ये एल्विन तिथं आला तो अभ्यास करायला. ख्रिस्ती भक्ती आणि इथली भक्ती शेजारी ठेवून बघायची, एवढाच बेत. गांधीजींकडं गेला आणि सगळं फिरलं. चार-पाच वर्षांत शामराव हिवाळे या मराठी ख्रिस्ती मित्राला घेऊन मंडल्याच्या गोंडांत जाऊन राहिला. परत गेलाच नाही. पुढं भारताचा नागरिक झाला.

मामा : चर्चनं त्याचं काय केलं, तेही सांग की.

भाची : नागपूरच्या बिशपांनी राजनिष्ठेची शपथ मागितली. त्यानं दिली नाही.

मामा : मग?

भाची : धर्मगुरू म्हणून परवाना मिळाला नाही. १९३५ मध्ये त्यानं चर्च सोडलं.

मामा : आता बग. पाहुणा बोलून गेला तर चर्चला गोड लागतो. राहिला, लोकांचा झाला, की चर्चलाच पेलवत नाही. तुला पाहिजे तसा खरा माणूस आला, तर आपल्या कमिटीला झेपंल का? ठरावांखालच्या माझ्या सह्या मला माहीत आहेत, बाई.

मामांनी हे उदाहरण भाचीवरच उलटवलं. पण बारकाईनं पाहिलं तर त्यांनी भूमिकाही बदलली. आतापर्यंत ते म्हणत होते, विद्वान निरुपयोगी असतो. आता म्हणतात, तो खरा निघाला तर आपल्याला अडचणीचा होईल. या दोन हरकती एकाच माणसाच्या तोंडी असल्या तरी एक नाहीत. पहिलीला उत्तर देता येतं. दुसरी खरी हरकत आहे, आणि ती कुठल्याही मंडळीच्या इतिवृत्तात लिहिलेली सापडत नाही.

भाची : एल्विन जाऊ द्या. बाबासाहेबांना तरी पाहुणा म्हणाल ना?

मामा : बाबासाहेब आपल्या लोकांत कधी आले?

भाची : सोलापूरला. १९३८ च्या सुरुवातीला तिथल्या ख्रिस्ती लोकांच्या सभेत ते बोलले. येवल्याला धर्म सोडायची घोषणा होऊन दोन वर्षं उलटली होती; कुठला घेणार ते ठरायचं होतं. बोलावणाऱ्यांच्या मनात काय असेल ते काही वेगळं सांगायला नको. बाबासाहेबही म्हणाले, की धर्मांतरासाठी विचार करावा अशा दोनच विभूती मला दिसतात, बुद्ध आणि ख्रिस्त. आणि एवढं बोलून त्यांनी यजमानांनाच धरलं.

मामा : काय म्हणाले?

भाची : की दक्षिणेत तुमच्या देवळांत जात पाळली जाते. मिशनऱ्याला वाटतं, बाप्तिस्मा दिला, काम झालं. त्या माणसाच्या राजकीय हक्काकडं तो बघत नाही. तुमच्यात शेकडो मुलं-मुली मॅट्रिक झाली, पण मुलगी नर्स झाली, मुलगा मास्तर झाला, की आपापल्या संसारात दंग. आमचे अडाणी म्हणवले जाणारे लोक झगडून असेंब्लीत गेले, आणि तुम्ही शिकलेले गप्प.

मामा : मास्तरावर आणलंस का!

भाची : मी कुठं? त्यांनीच आणलं. आणि मामा, आणखी एक म्हणाले. शिष्यवृत्ती मिळणारा अस्पृश्य मुलगा ख्रिस्ती झाला की शिष्यवृत्ती बंद होते, गरिबी मात्र होती तेवढीच राहते. तुम्ही राजकारणात असता तर असं झालं नसतं. त्यांच्याच ‘जनता’ पत्रात छापून आलंय हे.

मामा : हे १९३८ ला?

भाची : १९३८ ला.

मामा : म्हणजे पॅरा तीनच्या बारा वर्षं आधी.

दाखल्यांचा विषय निघतो म्हणालो, तो इथं. १० ऑगस्ट १९५० ला राष्ट्रपतींचा अनुसूचित जातींविषयीचा आदेश निघाला. त्याच्या तिसऱ्या परिच्छेदानं ठरवलं, की हिंदू नसलेल्याला अनुसूचित जातीचं मानायचं नाही. १९५६ मध्ये शिखांचा समावेश झाला, १९९० मध्ये बौद्धांचा. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. २००७ मध्ये न्या. रंगनाथ मिश्रा आयोगानं हा परिच्छेद काढावा म्हणून शिफारस केली. २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश बालकृष्णन यांचा आणखी एक आयोग नेमला गेला. वस्तीवर या सगळ्याला दोन शब्दांत ओळखतात : टीसी, म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला, आणि व्हॅलिडिटी, म्हणजे जात पडताळणीचा.

मामा : आता माझं खरं ऐक. मी ‘बघू’ का म्हणतो ते. तू कार्यक्रम करणार, म्हणजे बॅनर लागणार. बॅनरवर एकीकडं क्रूस, एकीकडं ‘न्याय’. खाली फोटो, फोटोत पोरं. त्या पोरांच्या टीसीवर काय लिहिलंय, तुला माहीतय?

भाची : माहीत आहे.

मामा : आजोबाच्या टीसीवर जे होतं तेच. घरात प्रार्थना, रविवारी देऊळ, अन् कागदावर जुनी जात. कुणी लबाडीनं लिहिलं नाही ते. शाळेत नाव घालायला गेलेल्या बापाला मास्तरनं विचारलं, जात काय? वस्ती त्याला ज्या जातीनं ओळखते ती त्यानं सांगितली. मीसुद्धा तसलीच नावं लिहून घेतलीत. गाव त्याला बाप्तिस्म्यानंतर पाटील म्हणायला लागलं नव्हतं! आता पोरीला नर्सिंगला ॲडमिशन पाहिजे. जात पडताळणी समितीपुढं कुणी तुझ्या कार्यक्रमाचा फोटो टाकला, तर?

भाची : मामा, मग हे असंच दडवत राहायचं?

मामा : नोव्हेंबर २०२४ चा निकाल वाचलास ना? पुदुच्चेरीच्या बाईंचा. सुप्रीम कोर्टानं सांगितलं, आचरण ख्रिस्ती आणि आरक्षणापुरतं हिंदू, ही संविधानाची फसवणूक आहे. तारीख कुठली, तर २६ नोव्हेंबर. संविधान दिन! अन् त्यानंतर दोन आठवड्यांत, १० डिसेंबरला, आपल्याच स्टेशनसमोर बाबासाहेबांच्या पुतळ्याजवळची संविधानाची प्रतिकृती फोडली. दुसऱ्या दिवशी बंद, दगडफेक, धरपकड. १५ तारखेला सोमनाथ सूर्यवंशी हा कायदा शिकणारा पोरगा न्यायालयीन कोठडीत गेला. त्या आठवड्यात न्याय या शब्दाचा अर्थ सांगायला परभणीला बाहेरचा पंडित लागत नव्हता.

भाची : त्या आठवड्यात तुम्ही कुठं होतात, मामा?

मामा : घरात. दार लावून.

भाची : मी विचारतेय ते टोमणा म्हणून नाही.

मामा : टोमणा असला तरी लागू आहे. शेजारचे बौद्ध मास्तर रस्त्यावर होते. त्यांना १९९० ला सवलत मिळाली ती कुणी व्याख्यान दिलं म्हणून नाही. ते मागत राहिले, मोर्चे काढत राहिले. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराला सोळा वर्षं लागली त्यांना, घरं जळाली, माणसं गेली, पण मागणं सोडलं नाही. आपण १० ऑगस्टला काळा दिवस पाळतो, तो कुठं? चर्चच्या आवारात, फाटक लावून.

भाची : सोलापूरला बाबासाहेब तरी काय म्हणाले होते?

मामा : म्हणाले होते ना. पण कुणी ऐकलं? म्हणजे पाहुणा कितीही मोठा असला तरी…

भाची : नाही मामा, इथं तुम्ही चुकताय. कुणी ऐकलं नाही, हा पाहुण्याविरुद्धचा पुरावा कसा होईल? बरं, आता माझी पाळी. सूसाई खटला माहीत आहे?

मामा : नाव ऐकल्यासारखं वाटतं.

भाची : मद्रासच्या रस्त्यावर बसून चपला शिवणारा माणूस. सरकारनं अशा कारागिरांना टपऱ्या फुकट द्यायचं ठरवलं. त्याच रस्त्यावरच्या हिंदू चांभाराला टपरी मिळाली, याला नाही. का तर ख्रिस्ती. काम तेच, ऊन तेच. तो सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि १९८५ मध्ये हरला. का हरला? कोर्ट म्हणालं, धर्म बदलल्यावरही जातीची झळ तितकीच तीव्र राहते हे सिद्ध करायला पाहिजे. आणि ख्रिस्ती समाजाच्या आजच्या स्थितीचा एकही अधिकृत, तपशीलवार अभ्यास आमच्यापुढं आलेला नाही. अभ्यास, मामा! त्या माणसापाशी आरी होती, चामडं होतं, वकीलही होता. अभ्यास नव्हता. तो कुणी करायचा होता? तुम्ही ज्याला हार घालून पाठवून देता, त्या पाहुण्यानं.

मामा : हं.

भाची : आणि आपल्यात माणसं नाहीत असंही नाही. अरविंद निर्मळ आपल्या महाराष्ट्रातले. १९८१ मध्ये बंगळूरच्या धर्मविद्यालयात उभं राहून म्हणाले, की हिंदुस्थानातलं ख्रिस्ती धर्मशास्त्र उच्चवर्णीयांच्या ओट्यावरून लिहिलं गेलंय. खालून लिहायला घ्या. दलित धर्मशास्त्राची सुरुवात त्या भाषणातून मोजतात. परदेशात त्यावर प्रबंध होतात. परभणीच्या किती घरांत हे नाव ऐकलंय?

मामा : माझ्याच घरात नव्हतं.

‘हं’ म्हणून मामा थांबले, पण त्यांच्या ‘हं’चा अर्थ मान्यता असा घेऊ नये. शिक्षकाला पुस्तकाचा आधार दिला की तो थोडा वेळ गप्प बसतो, मग पुढचं पान उलटतो.

मामा : मग १९८५ नंतर अभ्यास झाला का?

भाची : झाला. सतीश देशपांडे यांनी अल्पसंख्याक आयोगासाठी २००८ मध्ये अहवाल केला. दलित ख्रिस्ती आणि दलित मुसलमान यांची स्थिती इतर दलितांसारखीच, असं आकड्यांनी दाखवलं.

मामा : अन् मग पॅरा तीन निघाला?

भाची : नाही.

मामा : झालं! कोर्ट म्हणतं अभ्यास आणा. आणला की सरकार म्हणतं, आता आयोग नेमतो. आयोगानं लिहिलं की म्हणतं, दुसरा नेमतो. २००४ पासूनच्या याचिका आहेत. तुझे पाहुणे या रहाटगाडग्यात पाणी ओतणारच. पण वस्तीला प्यायला कधी मिळायचं?

भाची : मग तुमच्या मते काय करायचं? नुसती उपासना?

मामा : जामखेडला केलं ते. रजनीकांत अन् मेबल आरोळे, वेल्लोरला शिकलेली डॉक्टर माणसं, ख्रिस्ती. १९७० ला जामखेडला आली. दुष्काळाचा मुलूख. त्यांनी दवाखान्यावर न थांबता गावातल्या बायांना धरलं. बऱ्याच दलित, बऱ्याच निरक्षर. त्यांना बाळंतपण, जुलाब, कुष्ठरोग शिकवलं. गाव जिच्या हातचं पाणी पीत नव्हतं, तिच्याच हातून बाळंतपण करून घ्यायला लागलं. जात मोडली ती भाषणानं नाही. १९७९ ला मॅगसेसे मिळालं, ते पुढचं.

भाची : मामा, जामखेडला आज जगभरातून माणसं येतात ना?

मामा : येतात. डॉक्टर, विद्यार्थी, कुठकुठले.

भाची : म्हणजे पाहुणे विद्वानच की. मग तिथं आलेले चालतात आणि परभणीला आलेले चालत नाहीत?

मामा : तिथं ते शिकायला येतात. शिकवायला गावची बाई उभी असते. खुर्ची उलटी मांडलेली असते, बाई.

भाची : मग आपण उलटी मांडू!

मला वाटतं सगळा वाद या एका जागी येऊन ठेपतो, आणि हे दोघांनाही एकदमच उमगलं. आरोळे दांपत्याच्या पुस्तकात मुक्ताबाई पोळ या गावच्या आरोग्य कार्यकर्तीचा प्रसंग आहे. वॉशिंग्टनच्या एका परिषदेत ती बोलायला उभी राहिली. दालनात झुंबरं लखलखत होती. तिनं आपली पणती दाखवून सांगितलं, की डॉक्टर या झुंबरासारखे. देखणे, महाग, हात न पोचणारे. आम्ही पणत्या, एकीवरून दुसरी लावता येते. मराठवाड्याच्या सीमेवरची बाई परदेशी विद्वानांच्या सभेत पाहुणी म्हणून गेली आणि ऐकून आली नाही, ऐकवून आली. चर्चला पाहुणा बोलवायचा असेल तर त्या पाहुण्यासमोर कोण उभं राहणार, हे आधी ठरवावं लागेल. विषय, वक्ता आणि हॉल यांची चर्चा नंतरची. व्याख्यानमाला काढणाऱ्या कुठल्याही संस्थेला हे लागू आहे, एकट्या चर्चला नाही. पण चर्चमध्ये उपदेश ऐकायची सवय जास्त मुरलेली असते, म्हणून तिथं जास्त कठीण.

भाची : बोला मग. कुणाला उभं करायचं?

मामा : सोनपेठकडच्या त्या दोघी-तिघी बाया आहेत. उचलीचा हिशेब तोंडपाठ. मुकादमानं किती दिले, किती कापले, किती खाडे लावले. तुझा पंडित डोक्याला हात लावंल.

भाची : आणि बौद्ध मास्तर?

मामा : चर्चमध्ये? कमिटी काय म्हणंल…

भाची : बाबासाहेबांना सोलापुरात बोलावलं तेव्हा तिथल्या कमिटीनंही असंच म्हटलं असेल.

मामा : तू वकील व्हायला पाहिजे होतीस. बोलव. पण त्यांना पहिल्या रांगेत बसवून सत्कार करायचा नाही. प्रश्न विचारायला बोलवायचं. १९९० चा कागद कसा मिळवला, ते आपल्या तरुण संघाला त्यांच्याच तोंडून ऐकू दे.

भाची : तारीख?

मामा : डिसेंबर बाद. कोयते परत येतात मार्च-एप्रिलला. ईस्टरनंतरचा आठवडा धर. ऊन लागंल तुझ्या पाहुण्याला, लागू दे. संध्याकाळी बसू. बॅनर नको, माइक नको, शाल-श्रीफळ तर नकोच. तेवढ्या पैशात झेरॉक्स काढ : सोलापूरचं भाषण अन् त्या चांभाराचा निकाल. निकाल इंग्रजीत असंल, तो मराठी करून दे. पाहुण्यानं पहिले चार दिवस तोंड उघडायचं नाही. नुसतं ऐकायचं अन् लिहून घ्यायचं. बोलायचं ते शेवटच्या दिवशी, अन् तेही बायांनी विचारलेल्यावर.

भाची : मान्य. कमिटीला मी सांगू की तुम्ही?

मामा : मी सांगतो. ‘बघू’ म्हणणारा म्हणूनच माझ्या शब्दाला वजन आहे तिथं. पण एक अट. हजेरीची वही ठेवायची नाही, फोटो काढायचा नाही. पाहुण्याच्या वहीत एकाचंही नाव जाता कामा नये. गाव नाही, शाळा नाही, टीसी तर नाहीच.

भाची : नाव नाही, गाव नाही, कागद नाही. मग कोर्टाला पाहिजे तो अभ्यास कसा व्हायचा? बिननावाची माणसं पुरावा म्हणून कोण धरील?

मामा : मी मास्तर माणूस, मला नाही येत उत्तर. पहिला प्रश्न हाच विचार तुझ्या विद्वानाला. अन् उत्तर देता आलं नाही तर तिकीट रद्द कर म्हणावं, अजून आठ दिवस राहा.